कवितेतला बोध कुठे राहतो?

प्राथमिक शाळेत शिकवण्याच्या माझ्या वर्षांत मी एक प्रश्न किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाही. 'या कवितेतून तुम्हांला काय बोध मिळतो?' कविता पावसाची असो, चिमणीची असो, नाहीतर आजीच्या चष्म्याची. खाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या आणि मुलांनी त्या भरायच्या. मुलेही हुशार. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांना कळून चुकलेले असे की या प्रश्नाची चारपाच उत्तरे पाठ असली की वर्षभराचे काम भागते. नेहमी खरे बोलावे. प्राणिमात्रांवर दया करावी. आळस करू नये. मोठ्यांचे ऐकावे. कोणत्या कवितेला कोणते उत्तर चिकटवायचे, एवढाच काय तो अंदाज घ्यायचा.

एका वर्षी चौथीच्या वर्गाला मी इंदिरा संतांची 'गवतफुला' शिकवली. मित्रांबरोबर माळावर पतंग उडवणाऱ्या मुलाला गवतातले एक इवले फूल दिसते आणि तो पतंग विसरतो, मित्र विसरतो. कविता शिकवून झाल्यावर नेहमीचा प्रश्न विचारला. एका मुलाने लिहिले, 'खेळताना आपले लक्ष दुसरीकडे जाऊ देऊ नये.'

मी त्याला पूर्ण गुण दिले.

तेव्हा त्यात मला काही वावगे वाटले नाही. वाक्य शुद्ध होते, अक्षर वळणदार होते आणि बोधाला शोभेल असा त्याचा सूर होता. ज्या कवितेचा सगळा जीव लक्ष हरवण्यात आहे, तिच्यातून त्या मुलाने नेमके उलटे काढले होते, हे मला बऱ्याच वर्षांनी, जुन्या वह्यांचा गठ्ठा चाळताना उमगले. चूक त्याची नव्हती. प्रश्नच असा होता की त्याला कवितेकडे बघण्याची गरजच पडू नये. त्या दिवसापासून मी स्वतःलाच एक वेगळा प्रश्न विचारतो आहे. बालकवितेत बोध असतो का? आणि असेल, तर तो नेमका कुठे राहतो? या लेखात त्याचे उत्तर मला जसे सापडत गेले तसे मांडतो.

बोध शोधण्याची आपली सवय जुनी आहे आणि तिला कारणेही आहेत. मराठी शाळा आकार घेत होत्या त्या काळात मुलांच्या हाती पडलेली कविता मुळात मुलांसाठी लिहिलेली नव्हती. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली काढलेल्या 'नवनीत'ने जुन्या मराठी कवींचे वेचे शाळेपर्यंत आणले. पुढे विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक १८८१ साली निघाले; त्याच्या नावातच बोध आहे. वा. गो. आपट्यांचे मासिक १९०६ साली सुरू झाले आणि त्याचे नाव त्यांनी 'आनंद' ठेवले. पंचवीस वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन नावे शेजारी ठेवली की मराठी बालसाहित्याचा पुढचा सगळा वाद त्यांत दिसतो. मुलांना शिकवायचे की रमवायचे? मला मात्र हळूहळू वाटू लागले आहे की वाद असा मांडण्यातच चूक आहे. ज्या जागी मूल रमते, त्याच जागी ते शिकत असते. ती जागा म्हणजे कवितेची घडण: तिचे यमक, तिची पुनरुक्ती, तिचा ताल, तिचे संबोधन.

आधी यमक घेऊ. पावसाला पैशाचे आमिष दाखवणारे आपले लोकगाणे कोणाला येत नाही? मूल पावसाला बोलावते, त्याला पैसा देऊ करते. पुढे तो पैसा खोटा निघतो आणि पाऊस मात्र धो धो येतो. नाणे बनावट असणे आणि पाऊस जोराचा येणे यांचा एकमेकांशी व्यवहारात काही संबंध नाही. संबंध जोडला आहे तो यमकाने. दोन ओळींच्या शेवटी सारखा ध्वनी आला की कान त्या दोन गोष्टींना एकत्र बांधतो आणि मन त्यांच्यात नाते शोधू लागते. या गाण्यात ते नाते गमतीचे आहे. पावसाला लाच चालत नाही, तो त्याच्या मर्जीने येतो, आणि आपण फसवूनही तो आपल्याला भिजवतो. कोकणापासून विदर्भापर्यंत पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखात मुलाला निसर्गाबद्दल याहून खरे काय सांगता येईल? पण गाण्यात हे वाक्य नाही. ते दोन यमकांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे आणि मूल दर पावसाळ्यात त्या जागेवरून उडी मारत जाते.

दुसरे साधन साखळीचे. नुकताच भोंडला होऊन गेला. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींनी यंदाही कारल्याच्या वेलाचे गाणे म्हटले असेल. सून सासूला विचारते, मी माहेरी जाऊ का? सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरून होते. मग कोंब येऊ दे, मग वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी कर, जेवण उरक, उष्टी काढ. दर कडव्यात एक काम पुरे होते आणि दर कडव्यात एक नवे निघते. रचनेच्या दृष्टीने हे अगदी सोपे गाणे आहे: एक प्रश्न, एक उत्तर, आणि मागच्या उत्तरातून उगवणारा पुढचा प्रश्न. पाठ करायला सहा वर्षांच्या मुलीलाही वेळ लागत नाही, कारण प्रत्येक कडी पुढच्या कडीची आठवण करून देते.

या गाण्याचा बोध सांगायचा झाला तर काय सांगाल? 'सासूने सुनेला छळू नये'? तसे एकही अक्षर गाण्यात नाही. सासूला कोणी वाईट म्हटलेले नाही, सून रडत नाही. पण फेर धरून ते गाणे म्हणताना त्या मुलीचे पाय थकतात, एक कडवे संपले की पुढचे येते, सुटका लांबत जाते. ताटकळणे म्हणजे काय, हे तिला सांगितले जात नाही; ती ते पायांनी भोगते. लहानपणी तिला याची गंमत वाटते. हेच गाणे ती लग्नानंतर म्हणते तेव्हा तिला कळते की आपल्याला काहीतरी फार आधी सांगून ठेवले होते. पुनरुक्ती हे केवळ पाठांतराचे साधन नव्हे. ज्या अनुभवाचा स्वभावच पुन्हापुन्हा घडण्याचा आहे, त्याला पुनरुक्तीइतके खरे रूप दुसरे नाही.

आता ताल. इथे थोडे गणित करावे लागेल, पण ते मुले टाळ्या वाजवून करतात तेवढेच. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त मराठी वृत्तांची जी बारकाईने मांडणी केली, तिच्यात आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तन म्हटले आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अशा आठ मात्रा झाल्या की एक फेरा पुरा. बालकवितेत हे आठ मात्रांचे आवर्तन फार आढळते, कारण ते चालण्याचे, उड्या मारण्याचे, झोका घेण्याचे माप आहे.

पाणी वाचवा या विषयावर मी एकदा शाळेच्या हस्तलिखितासाठी कविता लिहिली होती. तिच्या शेवटच्या दोन ओळींत पाण्याचे महत्त्व सांगितले होते. मुलांनी ती वाचली आणि पान उलटले. काही वर्षांनी त्याच विषयावर पुन्हा चार ओळी जुळवल्या:

टपटप टपटप गळतो नळ,
आजी जागी मोजत पळ.
कोण उठणार? सगळे गप.
टपटप टपटप टपटप टप!

काव्य म्हणून या ओळींचा दावा काही नाही. पण त्यांचे काम कसे चालते ते बघण्यासारखे आहे. 'टपटप टपटप' या आठ मात्रा झाल्या. 'गळतो नळ' या सहाच आहेत. उरलेल्या दोन मात्रांची जागा रिकामी राहते. म्हणणारे मूल त्या रिकाम्या जागी थांबते, आणि त्या थांबण्यातच पुढचा थेंब पडायची वाट बघितली जाते. शेवटच्या ओळीत तर अर्थाचा शब्दच नाही, फक्त नाद आहे. पण तिसऱ्या ओळीतल्या गप्प बसण्यानंतर तो नाद ऐकताना म्हणणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते. त्या ओळी वर्गात म्हणून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, 'बाई नाही का घरात कोणी दुसरं? आजीच का जागी?' पाण्याचा विषय बाजूला राहिला होता आणि तिने माझ्या ओळींत मला न दिसलेली गोष्ट शोधली होती. नळ कोणी बंद करायचा, हा प्रश्न घरातल्या माणसांचा आहे. हे मी उपदेशाने सांगायला गेलो असतो, तर तिने तो प्रश्न विचारलाच नसता.

ताल फक्त खेळकर असतो असेही नाही. फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड ना. वा. टिळक यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता अनेकांना शाळेच्या बाकावर भेटली. घायाळ झालेली पक्षीण कशीबशी घरट्याकडे येते आणि पिल्लांसाठी शेवटचा घास आणते. या कवितेसाठी टिळकांनी पृथ्वी वृत्त वापरले. पृथ्वीच्या ओळीत सतरा अक्षरे, आठव्या अक्षरावर यती, आणि गण ज, स, ज, स, य, मग लघू, गुरू. हे गण मांडून बघितले की ओळीत दोन ठिकाणी तीन तीन लघू अक्षरे लागोपाठ येतात आणि लगेच एका गुरूवर अडतात. धावणे आणि थबकणे, पुन्हा धावणे आणि पुन्हा थबकणे. जखमी पंखांचे उडणे दुसरे काय असते? मोठ्याने म्हणताना आपलाच श्वास अपुरा पडतो. याच पृथ्वी वृत्तात मोरोपंतांनी 'केकावली' रचून देवाला आळवले होते. मोराचा तो टाहो ज्या चालीत मराठी कानांत बसला होता, त्याच चालीत टिळकांनी एका पाखराची तडफड ऐकवली. दयेचा धडा या कवितेच्या शीर्षकात आहे, हे खरे. पण शीर्षक वाचून कोणाच्या घशात आवंढा आला नाही. तो आला ओळी म्हणताना.

चौथे साधन संबोधनाचे: कविता कोण बोलते आणि कोणाशी. पाडगांवकरांच्या 'भोलानाथ'मधले मूल नंदीबैलाला प्रश्न विचारते. पाऊस पडून शाळेला सुट्टी मिळेल का, दुपारी आई झोपल्यावर लाडू हळूच घेता येईल का, आठवड्यात तीन रविवार येतील का, गणिताच्या पेपरच्या दिवशी दुखणे येईल का. नंदीबैल दारात आला की मालक प्रश्न विचारतो आणि बैल मान हलवतो, हा आपल्या गावांतला जुना खेळ. पाडगांवकरांनी तो उचलला आणि त्यातला मालक काढून टाकला. आता प्रश्न थेट मुलाचे आहेत. उत्तर एकाही प्रश्नाला नाही. जी गोष्ट आईला, बाईंना, बाबांना विचारता येत नाही, ती बैलाला विचारता येते. या कवितेतून 'बोध' काढायला गेलात तर पंचाईत होईल, कारण तिच्यातला मुलगा लबाड आहे, आळशी आहे, गणिताला भितो. पण आपल्या मनातली ओशाळवाणी इच्छा कोणासमोर तरी बोलून दाखवता येते आणि ती ऐकून कोणी रागावत नाही, हे मुलाला कळणे लहान आहे का? पुढच्या आयुष्यात किती माणसांना असा भोलानाथ सापडत नाही!

'गवतफुला'तही संबोधनच आहे. मूल फुलाशी बोलते. व्याकरणात आपण याला चेतनगुणोक्ती म्हणून शिकवतो: निर्जीव किंवा मानवेतर वस्तूला माणसाचे गुण देणे. व्याख्या बरोबर आहे, पण तिने अलंकाराचे काम कळत नाही. ज्याच्याशी आपण 'तू' म्हणून बोलतो, त्याला पायाखाली तुडवणे अवघड जाते. फुले तोडू नयेत ही पाटी बागेत असते. फुलाला हाक मारणारी कविता त्या पाटीची गरज कमी करते.

विंदा करंदीकरांनी याहून वेगळी वाट धरली. 'राणीची बाग' १९६१ सालचे, 'एटू लोकांचा देश' १९६३ सालचे. एटू लोकांच्या देशात आपल्या जगातली रीत उलटीपालटी झालेली आहे. शहाण्या माणसाला हा निव्वळ वेडेपणा वाटेल. पण उलटे ओळखण्यासाठी सुलटे ठाऊक असावे लागते. मूल हसते तेव्हा ते आपल्या ज्ञानाची खात्री करून घेत असते. आणि त्याच वेळी त्याच्या मनात एक बारीक शंकाही डोकावते, की आपल्याकडचे सगळे सुलटेच आहे कशावरून? विसंगतीचे हे काम प्रौढांच्या विनोदातही चालते, पण मुलांना ते आधी कळते. 'अडम् तडम्' या संग्रहाचे नाव तर त्यांनी खेळात राज्य कोणावर हे ठरवणाऱ्या गणनेच्या शब्दांवरून घेतले. त्या शब्दांना अर्थ नसतो, तरी त्यांचा निकाल सगळी मुले मान्य करतात. नियम सर्वांना सारखा, हे मूल शिकते ते बहुधा अशाच निरर्थक शब्दांच्या फेऱ्यात.

इथवर आल्यावर माझ्या म्हणण्याविरुद्ध एक भक्कम साक्षीदार उभा राहतो: समर्थांचे मनाचे श्लोक. दोनशे पाच श्लोक, आणि जवळजवळ पानोपानी सरळ उपदेश. तरी शतकानुशतके मराठी मुलांनी ते म्हटले, संध्याकाळी दिवा लागल्यावर म्हटले, आणि म्हातारपणीही त्यांना ते आठवतात. मग उपदेश टिकत नाही असे कसे म्हणायचे?

मला याची दोन उत्तरे दिसतात. एक, भुजंगप्रयात. लघू, गुरू, गुरू अशी तीन अक्षरांची तीच पावले ओळीत चार वेळा, एकूण बारा अक्षरे. ही चाल इतकी सरळ आहे की अर्थ कळण्याआधी ती अंगात भिनते. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. हे श्लोक मुलाला उद्देशून नाहीत, मनाला उद्देशून आहेत. म्हणणारा स्वतःच स्वतःला समजावतो आहे, तेही मनाला चांगले म्हणत, चुचकारत. वरून कोणी बोट दाखवत नाही. समोर हात जोडून बसलेले आजोबाही तेच म्हणत असतात आणि शेजारचा नातूही. दोघांचेही मन सारखेच ओढाळ. आमच्या पाठ्यपुस्तकी उपदेशात नेमके हेच हरवले. त्यात बोलणारा मोठा झाला आणि ऐकणारा लहान. म्हणजे उपदेश टाकाऊ नाही. तो कोणत्या नात्यातून येतो, हे संबोधन ठरवते, आणि संबोधन हा कवितेचा भाग आहे.

तेव्हा बोध कुठे राहतो, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. कविता मुलाला काय सांगते ते शेवटच्या ओळीत सापडेल. पण कविता मुलाकडून काय करवून घेते ते तिच्या घडणीत सापडते. यमक त्याला दोन गोष्टींत नाते शोधायला लावते. साखळी त्याला वाट बघायला लावते. ताल त्याच्या श्वासाला दुसऱ्याच्या श्वासाची गती देतो. संबोधन त्याला हाक मारायला शिकवते आणि विसंगती त्याला रीतीबद्दल शंका घ्यायला. ही पाचही कामे आयुष्यभर लागणारी आहेत, आणि पाठ केलेल्या वाक्याने त्यांतले एकही होत नाही.

निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत मी फळ्यावरचा प्रश्न बदलला. 'ही कविता म्हणताना तुम्ही कुठे थांबलात?' 'कोणता शब्द पुन्हा म्हणावासा वाटला?' 'यात कोण कोणाशी बोलते आहे? तुम्ही त्या जागी असता तर काय विचारले असते?' उत्तरे तपासायला वेळ लागे, कारण कोणतीच दोन सारखी नसत. काही पालकांनी तक्रार केली की परीक्षेत असे विचारत नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि परीक्षेपुरता जुना प्रश्नही मी सोडवून घेत असे. तेवढी तडजोड करावी लागली.

त्या चौथीतल्या मुलाचे उत्तर मात्र अजून माझ्याजवळ आहे. त्याला पूर्ण गुण देऊन मी त्याला जे शिकवले, ते त्याने मनावर घेतले नसावे अशी आशा करतो. एखाद्या दुपारी कामाच्या गडबडीत त्याला रस्त्याच्या कडेला एखादे गवतफूल दिसले असेल आणि तो क्षणभर का होईना थांबला असेल, तर कवितेने माझी चूक दुरुस्त केली असे मी समजेन.